ग्राउलर आणि स्टँड पाय : पोर्क पायची बोलीनावे

डुकराच्या मांसाचे सारण जाड पारीत भरून भाजलेल्या पदार्थाला इंग्लंडभर पोर्क पाय (इंग्रजी pie, आपला पाय नव्हे) म्हणतात. उत्तरेकडे, विशेषतः यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये, त्यालाच ‘ग्राउलर’ म्हणजे ‘गुरगुरणारा’ असे नाव आहे. गुरगुरते नेमके कोण, यावर मात्र एकमत नाही.

काही जण सांगतात, भुकेल्या पोटाची ही गुरगुर. काहींच्या मते ती खाल्ल्यानंतरची गुडगुड, म्हणजे हलक्या प्रतीच्या पायला दिलेला टोमणा. ब्रिटिश सैन्यात ‘नाफी ग्राउलर’ हा शब्द चालतो. नाफी म्हणजे 1921 पासून सैनिकांची कँटीन चालवणारी संस्था. हे नाव दुसऱ्या अर्थाला जवळचे वाटते, पण त्यावरून शब्द सैन्यातून गावात आला की उत्तरेकडच्या जवानांनी तो बराकीत नेला, हे ठरत नाही. लंडनच्या चारचाकी घोडागाडीलाही ग्राउलर म्हणत, ते फरसबंदीवरच्या चाकांच्या आवाजामुळे. पाय स्वतः आवाज करत नाही. त्यामुळे पोटाच्या दोन्ही कथा नाव रूढ झाल्यावर जोडलेल्याही असू शकतील.

यॉर्कशरमधला ‘स्टँड पाय’ म्हणजे कापून वाटायचा मोठा पोर्क पाय, नाताळात हमखास लागणारा. साच्याच्या आधाराशिवाय उभा राहतो म्हणून स्टँड, हा अर्थ जुन्या पाककृतींतल्या ‘उभ्या पारी’शी जुळतो. आज मात्र साच्यात भाजलेल्या मोठ्या पायलाही हेच नाव देतात, म्हणून अनेकांच्या लेखी ते फक्त आकाराचे नाव उरले आहे.

पारी उभी राहते ती उकळत्या पाण्यामुळे. 450 ग्रॅम मैद्याला सुमारे 150 ग्रॅम लार्ड (डुकराची चरबी), 175 ते 200 मिलिलिटर पाणी आणि चमचाभर मीठ लागते. चरबी पाण्यात उकळून मैद्यावर ओततात आणि मोदकाच्या उकडीसारखे पीठ कोमट असतानाच मळतात. ‘डॉली’ नावाच्या लाकडी ठोकळ्याभोवती पारी वर चढवून ती थंड, घट्ट झाल्यावरच ठोकळा काढतात. घाई केली तर भिंती बसतात. पीठ आधीच गार झाले तर पारी चिरते आणि रस त्या चिरेतून गळतो.

भाजताना मांस आकसते आणि पारीखाली पोकळी राहते. पाय निवल्यावर झाकणाच्या भोकातून डुकराच्या हाडांचा किंवा खुरांचा दाट, कोमट रस थोडाथोडा ओतून रात्रभर थंड ठेवतात, म्हणजे त्याची जेली होते. पाय गरम असतानाच रस ओतला तर तो पारीत मुरतो, तळ लिबलिबीत होतो आणि पोकळी तशीच राहते.

लेस्टरशरमधल्या मेल्टन मोब्रे गावाच्या पायला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. त्यात मांस न खारवलेले, म्हणून भाजल्यावर करडे दिसते. पाय साच्याशिवाय भाजल्याने बाजू फुगीर होतात. एकूण पदार्थात किमान 30 टक्के मांस लागते. इतर बऱ्याच पोर्क पायमधले मांस खारवलेले, म्हणून गुलाबी असते आणि बाजू सरळ असतात. ‘ग्राउलर’ला असा कुठलाच नियम नाही, करड्या-गुलाबी दोन्हींना ते नाव चालते.

मेल्टनचा पाय थंडच खायचा. पश्चिम यॉर्कशरमध्ये मात्र पोर्क पाय गरम करून मऊ शिजवलेले वाटाणे आणि पुदिन्याच्या सॉससोबत खातात. गरम पायमधली जेली पातळ झालेली असते, म्हणून तो खोलगट ताटलीत घ्यावा.

लंडनच्या यमक-बोलीतले ‘पोर्की पाइज’ किंवा नुसते ‘पोर्कीज’ हे या यादीतले नाव नव्हे. ‘पाइज’ला ‘लाइज’ जुळते, म्हणून त्याचा अर्थ थापा. लंडनमध्ये कोणी पोर्कीज सांगत असेल तर बोलणे खाण्याविषयी नसते.