मालकाच्या खिशावर चालणारे क्लब : इंग्लंडच्या रग्बीचे अर्थशास्त्र

कलकत्त्यातील इंग्रजांनी १८७३ साली रग्बीचा एक क्लब काढला. थोड्याच वर्षांत पलटण दुसरीकडे हलली, उरलेल्या सभासदांचे लक्ष पोलो आणि टेनिसकडे वळले आणि क्लब गुंडाळण्याची वेळ आली. त्या वेळी बँकेत शिल्लक होती. सभासदांनी ती चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून एक चषक घडवून घेतला आणि १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात. तो क्लब पैसा असूनही माणसांअभावी बंद पडला. इंग्लंडमधील आजच्या व्यावसायिक क्लबांपाशी खेळाडू आहेत, पिढ्यानपिढ्या येणारे प्रेक्षक आहेत, सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि तरीही ते पैशाअभावी बंद पडत आहेत.

२०२२-२३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे प्रीमियरशिपमध्ये, १३ संघ होते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी वूस्टर वॉरियर्स दिवाळखोरीच्या कायद्याखाली प्रशासकाच्या ताब्यात गेला. १७ ऑक्टोबरला १८६७ साली स्थापन झालेला आणि दोनदा युरोपचे विजेतेपद मिळवलेला वॉस्प्स त्याच वाटेने गेला आणि १६७ खेळाडू व कर्मचाऱ्यांची नोकरी एका दिवसात संपली. जून २०२३ मध्ये लंडन आयरिशला स्पर्धेतून निलंबित करण्यात आले. त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद जिंकलेला जर्सी रेड्स हा क्लब सप्टेंबरमध्ये बंद झाला. महासाथीने या सगळ्यांना शेवटचा धक्का दिला हे खरे. परंतु भिंतीला तडे त्याआधीच गेलेले होते.

ऑगस्ट १९९५ पर्यंत रग्बी युनियन, म्हणजे हे क्लब खेळतात तो रग्बीचा प्रकार, हा अधिकृतपणे हौशी खेळ होता. खेळाडूंना मानधन देण्याची मुभा मिळताच वेतनाचा खर्च उभा राहिला, आणि तो भागवण्यासाठी धनाढ्य मालक पुढे आले. खेळाच्या अर्थशास्त्रात येथे एक चमत्कारिक अडचण आहे, आणि ती वॉल्टर नील या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६४ मध्येच मांडली होती. साबणाच्या कारखानदाराला सगळे प्रतिस्पर्धी बुडाले तर आनंदच होईल. मात्र मुष्टियोद्ध्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नसेल तर त्याची तिकिटेच खपणार नाहीत. म्हणजे मैदानावर ज्याला हरवायचे, तोच धंद्यातला भागीदार असतो. असे असूनही प्रत्येक क्लब त्या भागीदाराचे चांगले खेळाडू जास्त पैसे देऊन पळवू पाहतो. दहा क्लबांनी वेतनावरचा खर्च प्रत्येकी दहा लाख पौंडांनी वाढवला, तरी विजेता एकच होतो आणि तळाला कोणीतरी राहतोच. क्रमवारी बहुधा पूर्वीचीच राहते, फक्त एक कोटी पौंड जास्त खर्च झालेले असतात.

ही चढाओढ उत्पन्नाच्या बाहेर जाऊनही थांबत का नाही, याचे उत्तर मला यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थशास्त्रज्ञाच्या विचारात सापडते. समाजवादी राजवटीतील सरकारी कारखाने तोटा होऊनही काटकसर का करत नाहीत, याचा अभ्यास करताना त्यांनी ‘सैल अंदाजपत्रका’ची कल्पना मांडली. तूट आली की वरून कोणीतरी भरून देणार, अशी खात्री असलेली संस्था अंथरूण पाहून पाय पसरत नाही. रग्बीत सरकारची ती जागा मालकाने घेतली. ब्रिस्टलचे स्टीव्ह लॅन्सडाउन किंवा बाथचे ब्रूस क्रेग यांनी आपली खासगी संपत्ती वर्षानुवर्षे क्लबमध्ये ओतली, आणि त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदरच आहे. परंतु एका मालकाच्या या औदार्यामुळे खेळाडूंचा बाजारभाव सगळ्यांसाठीच वाढतो, आणि ज्याला असा मालक लाभलेला नाही त्या क्लबाने तो भाव कोठून द्यावा?

उत्पन्नाची बाजू मुळातच तोकडी आहे. दहा संघांच्या साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला घरच्या मैदानावरचे केवळ नऊ सामने येतात. एका सामन्यासाठी २३ खेळाडू लागतात, पण अंगाला अंग भिडणाऱ्या या खेळात दुखापती इतक्या होतात की चाळीसच्या वर खेळाडू पगारावर ठेवावे लागतात. त्यातले उत्तम खेळाडू ऐन हंगामात इंग्लंडकडून खेळायला जातात, आणि त्या सामन्यांचे उत्पन्न ८२,००० प्रेक्षकांचे ट्विकनहॅम मैदान जिच्या मालकीचे आहे त्या इंग्लंडच्या रग्बी संघटनेकडे जमा होते. २०२४ च्या करारानुसार संघटना प्रीमियरशिपच्या क्लबांना वर्षाला सुमारे ३.३ कोटी पौंड देते. दहा जणांत वाटल्यावर ही रक्कम एका क्लबाच्या वेतनखर्चाला पुरत नाही.

या खर्चाला लगाम म्हणून वेतनमर्यादा, म्हणजे एका क्लबाने एका हंगामात खेळाडूंच्या एकूण वेतनावर करायच्या खर्चाची कमाल मर्यादा, आहे. महासाथीनंतर ती ६४ लाख पौंडांवरून ५० लाखांवर आणली गेली आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा ६४ लाख झाली. २०१९ मध्ये ती मोडल्याबद्दल सारासेन्स या विजेत्या संघाला ५३ लाख पौंडांहून अधिक दंड झाला, गुण कापले गेले आणि त्याची रवानगी खालच्या श्रेणीत झाली. नियम कडक आहे, पण तो श्रीमंताला आणि गरिबाला एकाच पट्टीने मोजतो. क्लबाला हा खर्च झेपतो का, हे तो विचारतच नाही. फ्रान्समध्ये लीगचे स्वतंत्र आर्थिक नियंत्रण मंडळ प्रत्येक क्लबाचे हिशेब तपासते आणि ताळेबंद जुळत नसेल तर त्याला खालच्या श्रेणीत पाठवू शकते. तेथे दूरचित्रवाणीचे उत्पन्नही मोठे आहे, हे मान्य. तरीही इंग्लंडला अशा तपासणीची उणीव फार महागात पडली.

पैसा कमी पडला की भविष्य विकून वर्तमान भागवण्याचा मोह होतो. डिसेंबर २०१८ मध्ये प्रीमियरशिपने आपल्या व्यापारी उत्पन्नातील २७ टक्के हिस्सा सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला २० कोटी पौंडांहून अधिक किमतीस विकला. रोख रक्कम एकदाच आली. हिस्सा मात्र दरवर्षी जात राहतो. अशी रक्कम मैदानाची डागडुजी किंवा नवे प्रेक्षक मिळवण्यात गुंतवली तर ती उत्पन्न देते. तूट भरण्यात गेली की हिस्साही जातो आणि तूटही परत येते.

वॉस्प्सचे उदाहरण तर आकड्यांतच वाचावे. २०१४ मध्ये क्लबने लंडनचा परिसर सोडून कॉव्हेंट्रीचे मोठे स्टेडियम घेतले आणि २०१५ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांना रोखे विकून ३.५ कोटी पौंड उभारले. व्याज साडेसहा टक्के, म्हणजे वर्षाला २२ लाख ७५ हजार पौंड. चेंडूला हात लागण्याआधीच द्यायचे. मे २०२२ मध्ये मुद्दल परत करायची मुदत आली आणि ते देता आले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टेडियम १.७ कोटी पौंडांना फ्रेझर्स ग्रुप या किरकोळ विक्री कंपनीकडे गेले. रोखे घेणाऱ्यांत क्लबचे चाहतेही होते, आणि आपल्याच संघावर विश्वास ठेवल्याची किंमत त्यांनी मोजली, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते.

पुढचे मालक वेगळ्या जातीचे असतील, अशी चिन्हे आहेत. न्यूकॅसलचा क्लब १९९५ मध्ये सर जॉन हॉल या उद्योजकाने घेतला आणि १९९८ मध्ये तो विजेता झाला. नंतर मालक बदलत गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रेड बुल कंपनीने तो विकत घेऊन त्याला आपले नाव दिले. आपल्याकडे जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुरू झालेली सात-सात खेळाडूंची रग्बी प्रीमियर लीग तर पहिल्या दिवसापासूनच सहा फ्रँचायझींच्या पायावर उभी आहे. कंपनीकडे व्यक्तीपेक्षा जास्त पैसा आणि शिस्त असते. परंतु जाहिरातीचा हिशेब बदलला की तिचा निर्णयही बदलू शकतो. म्हणून मालक कोण यापेक्षा मालकाला काय गहाण टाकता येते, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. माझ्या मते मैदान आणि त्याभोवतीची जमीन संघाच्या दैनंदिन देण्यांपासून कायद्यानेच वेगळी ठेवली पाहिजे. वूस्टरला सिक्सवेज हे आपले मैदान परत वापरता आले, आणि २०२५-२६ मध्ये तो क्लब त्याच मैदानावर दुसऱ्या श्रेणीत पुन्हा खेळू लागला. त्या हंगामाच्या वेळापत्रकात वॉस्प्सचे नाव नव्हते.