विषाणुजन्य न्यूमोनियानंतरची फुप्फुसक्षमता

विषाणुजन्य न्यूमोनियातून (फुप्फुसदाहातून) बरे झालेल्या प्रौढांच्या श्वसनकार्यात उरणारी घट. इन्फ्ल्यूएंझा, सार्स, कोविड-१९, अडिनोव्हायरस आणि मोठेपणी आलेल्या कांजिण्या ही तिची मुख्य कारणे.

तीव्र अवस्थेत वायुकोशांचे अस्तर झडते आणि प्रथिनयुक्त द्रवाचा काचेसारखा पापुद्रा भिंतीवर बसतो. पुढे टाइप-२ पेशी (अस्तराची दुरुस्ती करणाऱ्या वायुकोशातील पेशी) वाढून अस्तर नव्याने घडवतात. हे काम अर्धवट राहिल्यास कोलॅजेन साठून भिंत जाड होते. पहिल्या काही महिन्यांत सीटी स्कॅनवर दिसणारे पट्टे व धूसर छटा पुष्कळदा नंतर विरतात. त्यामुळे या काळातल्या अहवालातील ‘फायब्रोसिस’ हा शब्द कायमचा व्रण म्हणून वाचू नये.

स्पायरोमेट्री (फुंकलेल्या हवेचे प्रमाण व वेग मोजणारी चाचणी) नॉर्मल आली तरी चढण चढताना धाप लागते, अशी तक्रार राहते. अशा वेळी विसरण क्षमता (डीएलसीओ), म्हणजे वायुकोशांतून रक्तात वायू जाण्याची क्षमता, मोजावी. एका श्वासात ती मोजण्याची पद्धत मारी क्रोग यांनी १९१५ मध्ये मांडली. रुग्ण श्वास पूर्ण सोडतो, मग ०.३% कार्बन मोनॉक्साइड आणि हेलियम किंवा मिथेन असलेले मिश्रण झटकन छातीभर घेऊन सुमारे १० सेकंद रोखतो. सोडलेल्या हवेतील पहिला ०.७५ ते १ लिटर भाग वगळून पुढचा नमुना तपासतात. दोन प्रयत्नांत निदान ४ मिनिटांचे अंतर हवे. खोकल्याची उबळ येऊन श्वास अर्धाच भरला गेला तर आकडा खोटा खाली येतो. त्याच दिवशी ओढलेली सिगारेटही तो खाली आणते. दीर्घ आजारानंतर रक्तक्षय असू शकतो असे धरून हिमोग्लोबिन तपासावे. त्यानुसार दुरुस्त न केलेला आकडा फसवा ठरू शकतो.

घट कशामुळे, याविषयी मतभेद आहेत. एका मताने हवा खेळणारे आकारमान (व्हीए) घटते, दुसऱ्या मताने केशवाहिन्या सूक्ष्म गुठळ्यांनी बाद होतात. निवाडा केसीओ (डीएलसीओ भागिले व्हीए) पाहून केला जातो आणि तो नॉर्मल आला की रक्तवाहिन्या निर्दोष ठरवल्या जातात. हे सदोष वाटते. निरोगी फुप्फुस नुसते कमी फुगले तर केसीओ अपेक्षेच्या १००% च्या वर चढायला हवा. व्हीए ६५% असताना केसीओ ९५% असेल, तर वाहिन्यांनाही इजा झाल्याची शक्यता अधिक.

हाँगकाँगमध्ये सार्सच्या ९७ रुग्णांपैकी २३.७% जणांत वर्षभरानंतरही डीएलसीओ अपेक्षेच्या ८०% हून कमी होती. वूहानमध्ये कोविडने रुग्णालयात राहिलेल्यांपैकी ऑक्सिजन न लागलेल्या २२%, साधा ऑक्सिजन लागलेल्या २९% आणि हाय-फ्लो (वेगाने दिलेला ऑक्सिजन) किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या ५६% जणांत सहा महिन्यांनी विसरण कमी आढळले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तपासलेल्या २०७ रुग्णांत, आजारानंतर साधारण दोन महिन्यांनी, हे प्रमाण ४४% होते. हे आकडे एकमेकांशी थेट ताडू नयेत: तपासणीचा काळ वेगळा, शिवाय युरोपीय अपेक्षित मूल्ये लावल्यास निरोगी भारतीयही कमी दिसतो.

कांजिण्यांच्या न्यूमोनियानंतर एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांत १ ते ३ मिलिमीटरच्या चुनखडी गाठी विखुरलेल्या दिसू शकतात. जुन्या क्षयाशी त्यांची गल्लत होते. [→ क्षयरोग].

लक्षणे उरली असल्यास तीन महिन्यांनी डीएलसीओ आणि ३० मीटरच्या सपाट मार्गिकेत सहा मिनिटे चालण्याची चाचणी करतात. चालताना रक्तातील ऑक्सिजन संपृक्तता (टक्क्यांत) ४ अंकांनी किंवा अधिक घसरल्यास फुप्फुस-रोहिणीतील गुठळीचाही शोध घ्यावा. स्टेरॉइड सरसकट देत नाहीत. ऑर्गनायझिंग न्यूमोनियाचे (दाह न विरता वायुकोशांत ऊतींचे पुंज उरण्याचे) चित्र असेल तरच विचार होतो.