औंध (जि. सातारा)

औंध हे सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातलं छोटं गाव, पूर्वी पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी. बाहेरच्यांना माहीत असतं ते डोंगरावरच्या यमाईमुळं नाहीतर भवानी म्युझियममुळं, तिथं रविवर्म्याची चित्रं आहेत आणि चक्क ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा. पण गावाची खरी मोठी गोष्ट कारभाराची आहे आणि ती फार कमी लोकांना माहितीये.

प्रतिनिधी हे छत्रपतींच्या दरबारातलं पद, ते परशुराम त्रिंबकांकडं आलं आणि पुढं घराण्यातच राहिलं. १८४८ ला सातारचं राज्य खालसा झाल्यावर औंध डायरेक्ट इंग्रजांच्या देखरेखीखाली गेलं. संस्थान म्हणजे ७२ गावं, तीपण सलग नाहीत, औंध इकडं, आटपाडी आणि कुंडल तिकडं, गुणदाळ तर पार विजापूरकडं. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर, १९१० मध्ये.

१९०९ ला गादीवर आले भवानराव उर्फ बाळासाहेब. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे, स्वतः चित्रं काढणारे, कीर्तन करणारे राजे. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केलं की कारभार रयतेच्या हातात देणार. मग मुलगा आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर (हे भारतानंद म्हणूनही ओळखले जात) असे दोघं सेवाग्रामला गेले, गांधीजींशी बसून चर्चा झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना लागू झाली.

घटनेची रचना खालून वर अशी होती. गावानं पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती आणि तालुका समित्यांनी निवडलेले लोक विधिमंडळात. शाळा, रस्ते, पाणी हे तर गावाकडं होतंच पण छोटे खटलेसुद्धा पंचायतच ऐकायची. एखादा राजा वर असेंब्ली काढून मोकळा होतो, इथं सुरुवातच गावापासून केली हे विशेष म्हणायला पाहिजे. अर्थात राजानं दिलं म्हणून मिळालं हेही खरंच, लोकांनी लढून घेतलेलं नव्हतं.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत झाली, ना भिंत ना बेड्या, कैदी शेती करायचे आणि कुटुंबासोबत राहायचे. ती अजून आहे, आता सांगली जिल्ह्यात. कुंडल तर १९४२ नंतर प्रतिसरकारचं, म्हणजे नाना पाटलांच्या इंग्रजविरोधी समांतर सरकारचं, मोठं ठाणंच झालं.

८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि घटना तिथंच संपली, म्हणजे जेमतेम नऊ वर्षं चालली. बाळासाहेब १९५१ ला गेले, आप्पासाहेब परराष्ट्र खात्यात जाऊन राजदूत झाले.

महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आली १९६२ ला, तीही तीन पायऱ्यांचीच, फक्त इथं तिन्ही ठिकाणी लोक थेट मत देतात आणि खटले आता गावाकडं नाहीत. आज औंधला साधी ग्रामपंचायत आहे, तालुक्याच्या कामाला वडूजला जावं लागतं.