रिव्हर्स इंजिनिअरिंग : यंत्रभागावरून डिजिटल मॉडेल

रिव्हर्स इंजिनिअरिंग (उलट अभियांत्रिकी) म्हणजे हातात असलेला यंत्रभाग मोजून त्यावरून त्याचे त्रिमितीय संगणकीय मॉडेल व ड्रॉइंग तयार करण्याची, आणि त्याआधारे तो भाग पुन्हा बनवण्याची पद्धत. एरवी कारखान्यात आधी ड्रॉइंग येते, मग भाग बनतो. इथे भाग समोर असतो आणि ड्रॉइंग त्याच्यावरून काढावे लागते. मूळ उत्पादक बंद पडला, ड्रॉइंग हरवले, सुटा भाग मिळेनासा झाला, हाताने घडवलेला साचा संगणकात आणायचा आहे, अशा वेळी तिची गरज पडते. संगणकीय प्रोग्रॅमबाबतही हीच संज्ञा वापरतात. या नोंदीत फक्त घन वस्तूंचा विचार केला आहे.

वस्तू समोर ठेवून तिची प्रतिकृती करणे हे काम संगणकापेक्षा पुष्कळ जुने. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याने जर्मनांचा २० लिटरचा इंधनाचा डबा पाहून तसेच डबे बनवले. 'जेरीकॅन' हे नाव जर्मनांसाठीच्या 'जेरी' या टोपणनावावरून पडले. त्याहून मोठे उदाहरण सोव्हिएत टीयू-४ बॉम्बर विमानाचे. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमाने सोव्हिएत अतिपूर्वेत उतरली. त्यांपैकी एक पूर्ण सुटे करून तुपोलेव्ह यांच्या रचना कार्यालयाने भागन् भाग मोजला आणि १९४७ मध्ये नक्कल आकाशात उडवली. त्यात एक अडचण अशी आली की मूळ विमानाचा पत्रा इंचाच्या मापाचा होता, तर सोव्हिएत कारखान्यांत पत्रा मिलिमीटरच्या मापात तयार होई. त्यामुळे जाडी जशीच्या तशी उचलता आली नाही. मजबुती आणि वजन यांचा हिशेब नव्याने मांडावा लागला. माप कळले तरी निर्णय उरतोच, हे या विद्येचे मर्म तिथे स्पष्ट दिसते.

मोजणीची सुरुवात आजही व्हर्निअर, मायक्रोमीटर, रेडिअस गेज आणि थ्रेड गेज यांनीच होते, आणि साध्या भागाला तेवढे पुरते. त्यापुढचे साधन म्हणजे सीएमएम, म्हणजे भागाला स्पर्श करून बिंदूंचे निर्देशांक मोजणारे यंत्र. त्याचा टच प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधला. काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातील बारीक नळ्या मोजताना त्या दाबल्या जाऊ नयेत, ही त्यामागची निकड होती. प्रोब एकेक बिंदू टिपतो, पण अचूक टिपतो. लेझर किंवा पट्ट्यांचा प्रकाश टाकणारे स्कॅनर पृष्ठभागावरचे लाखो बिंदू काही मिनिटांत गोळा करतात, म्हणून पंपाचे पाते किंवा गाडीचा पॅनेल अशा वळणदार आकारांना ते सोयीचे. मात्र चकचकीत धातू त्यांना फसवतो, म्हणून त्यावर पांढऱ्या पावडरीचा पातळ फवारा मारतात. खोल भोकाच्या तळाशी प्रकाश पोहोचत नाही. आतल्या पोकळ्या पाहायच्या तर भाग कापावा लागतो किंवा औद्योगिक सीटी स्कॅन करावा लागतो.

तापमानाकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. लांबीची मापे जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात. ५०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग १० अंशांनी तापलेला असेल तर तो सुमारे ०.११ मिमी लांब भरतो; नेमक्या फिटच्या ठिकाणी एवढी चूक परवडत नाही.

स्कॅनरमधून मिळतो तो बिंदूंचा ढग, म्हणजे पॉइंट क्लाउड. भाग फिरवून वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले ढग एकमेकांवर बसवतात; त्यासाठीची आयसीपी ही गणिती रीत १९९२ मध्ये बेस्ल आणि मॅके यांनी मांडली. मग बिंदू त्रिकोणांनी जोडून मेश तयार होते आणि बहुधा एसटीएल फाइलमध्ये साठवली जाते. या फाइलमध्ये फक्त त्रिकोण असतात. मापाचे एकक लिहिलेले नसते. इंचातली फाइल मिलिमीटर समजून उघडली की भाग २५.४ पट लहान दिसतो.

मेश म्हणजे मॉडेल नव्हे. थ्रीडी प्रिंटरला ती चालते, पण लेथवर किंवा मिलिंग मशीनवर नेमका भाग बनवायचा तर सपाट पृष्ठ, दंडगोल, खाच, भोक अशा फीचर्सनी बांधलेले सॉलिड मॉडेल लागते. स्कॅन समोरचा एक झिजलेला, कदाचित वाकलेला नमुना दाखवतो. मूळ डिझाइनरच्या मनात कोणता आकडा होता हे त्यात लिहिलेले नसते, आणि या कामाचे खरे कसब तो आकडा ओळखण्यात आहे.

समजा, एका जुन्या हाउसिंगमधला (यंत्राच्या कवचातला) बेअरिंगचा बोअर, म्हणजे ते बसते ते भोक, मोजला आणि वेगवेगळ्या दिशांना ५२.०६ ते ५२.११ मिमी भरला. आत बसणारे बेअरिंग ६२०५ आहे, म्हणजे त्याचा बाहेरचा व्यास ५२ मिमी. बोअर ५२ एच७ (एच७ ही भोकाच्या मापात किती फरक चालेल हे सांगणारी प्रमाणित श्रेणी) धरला तर तो ५२.०० ते ५२.०३ एवढाच असायला हवा. याचा अर्थ जादा भरलेला भाग ही झीज, आणि ती एकसारखी नसल्याने बोअर अंडाकृती झाला आहे. मेशवर दंडगोल बसवून सॉफ्टवेअर ५२.०८ सुचवील, तो आकडा तसाच घेतला तर नवे बेअरिंगही पहिल्या दिवसापासून ढिले बसेल.

गिअरमध्ये हे आणखी ठळक होते. दात २८, बाहेरचा व्यास ७४.८ मिमी. (दात सम असल्याने व्हर्निअर समोरासमोरच्या दातांवर बसतो, विषम असते तर माप कमी भरले असते.) साध्या सरळ दातांच्या गिअरमध्ये दातांच्या संख्येत दोन मिळवून मॉड्यूलने (दाताचा आकार सांगणाऱ्या मिमीतल्या मापाने) गुणले की बाहेरचा व्यास मिळतो. ७४.८ भागिले ३० म्हणजे २.४९, तेव्हा मॉड्यूल २.५ आणि झिजण्याआधीचा बाहेरचा व्यास ७५. इंच पद्धतीचा १० डीपी (डायमेट्रल पिच, मॉड्यूलच्या जागी वापरायचे माप) असता तर व्यास ७६.२ आला असता. जोडीच्या गिअरला ४२ दात असतील तर दोन शाफ्टमधले अंतर ८७.५ मिमी यायला हवे. हाउसिंगवर तेच भरले की अंदाज पक्का झाला. दाबकोन (प्रेशर अँगल, दात एकमेकांना रेटतात त्या दिशेचा कोन) १४.५ की २० अंश, तेवढे तपासायचे राहते. दाताची वक्ररेषा मग सूत्राने काढायची. स्कॅनमधल्या झिजलेल्या दातावरून ती गिरवू नये. आट्यांचेही तसेच: पिच गेजने १.२५ मिमी ओळखले आणि व्यास ८ च्या आसपास भरला की एम८ लिहायचे.

ओतीव भागात आकसण्याचा प्रश्न येतो. राखी बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसते. जुना ओतीव भागच पॅटर्न (वाळूत साचा उठवण्याचा नमुना) म्हणून वापरला तर ४०० मिमीची प्रत ४ मिमी कमी भरेल. मॉडेल पूर्ण मापाचे करून पॅटर्नसाठी ते वाढवावे लागते, शिवाय मशीनिंगसाठी माल ठेवावा लागतो.

एका नमुन्यावरून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कळत नाही. ती त्या भागाच्या जोडीदाराकडून, म्हणजे शाफ्ट, बुश किंवा सील यांच्याकडून काढावी लागते. धातू कोणता, कडकपणा किती, उष्णता प्रक्रिया झाली होती का, हेही स्कॅन सांगत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रोमीटर आणि कडकपणा चाचणी लागते. आकार हुबेहूब पण पोलाद मऊ अशी प्रत मशीनवर बसते आणि थोड्याच दिवसांत मोडते.

कायद्याने उघड बाजारात घेतलेली वस्तू सुटी करून अभ्यासणे सामान्यतः गैर मानलेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये केवानी खटल्यात हा मार्ग प्रामाणिक ठरवला. वस्तूवर चालू पेटंट असेल तर मात्र प्रत बनवता येत नाही.

मॉडेल झाल्यावर ते मेशवर ठेवून फरकाचा रंगीत नकाशा काढतात. झिजलेल्या बोअरजवळ तो नकाशा लाल दिसणे अपेक्षितच असते. तो सगळीकडे हिरवा आला तर झीजही मॉडेलमध्ये उतरली आहे का, हे पाहावे लागते. नंतर प्लास्टिकचा नमुना प्रिंट करून जागेवर बसवून बघतात. ड्रॉइंगवर कोणते माप मोजलेले आणि कोणते ठरवलेले हेही लिहून ठेवतात. बोअर ५२ एच७ असेल तर शेजारी 'मोजलेला ५२.०६–५२.११, बेअरिंग ६२०५ वरून ठरवला' अशी नोंद असते.