पार्श्वभूमी : ‘प्रभू असे म्हणतो’, पण पारख कोणी करायची?

सोलापुरातल्या अनेक ख्रिस्ती उपवास-प्रार्थनांत एकेकाला पुढे बोलावून ‘प्रभू तुला असे म्हणतो’ असा वैयक्तिक संदेश देण्याची पद्धत आता रुळली आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात 1905 साली ख्रिस्ती जागृती, म्हणजे सामूहिक आत्मिक चळवळ, झाली, तेव्हा भर होता पापकबुलीवर आणि सामुदायिक प्रार्थनेवर. आजच्या पद्धतीचा धागा 1948 मध्ये कॅनडातल्या नॉर्थ बॅटलफर्डपर्यंत जातो. तिथल्या बायबल शाळेत हात ठेवून, संदेशाने, एकेकाचे आत्मिक दान, म्हणजे देवाने दिलेली क्षमता, आणि सेवा ठरवली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) संघटनेने ठराव करून हा अतिरेक नापसंत केला. पद्धत काही थांबली नाही.

खरा गुंता 1980 च्या दशकातला. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली 18:22 ची कसोटी सरळ आहे : बोललेले घडले नाही, तर तो संदेश परमेश्वराचा नव्हे. मग एका मताने जोर धरला, की नव्या करारातला मंडळीतला संदेष्टा तपशिलात चुकू शकतो. आधार नव्या करारातल्या अगब या संदेष्ट्याचा. यहूदी प्रेषित पौलाला बांधून परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, हाती देतील, असे तो प्रेषितांची कृत्ये 21:11 मध्ये म्हणतो. प्रत्यक्षात 21:33 मध्ये साखळ्या घालायला लावतो रोमी सरदार, आणि मारणाऱ्या जमावातून पौलाला सोडवतोही तोच. विरोधक 28:17 काढतात. यरुशलेमात मला बंदिवान करून रोमी लोकांच्या हाती दिले, असे तिथे पौल स्वतःच सांगतो. मग अगब चुकला कुठे? ही दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. पण पहिले मत मांडणाऱ्यांनीही मोकळे रान दिले नव्हते. दोघा-तिघांनी बोलावे व इतरांनी पारखावे, ही 1 करिंथ 14:29 ची अट त्यांनी सोबतच ठेवली होती. सभांनी चुकण्याची मुभा तेवढी उचलली, अट मागे टाकली आणि ‘प्रभू असे म्हणतो’ ही भाषा तशीच ठेवली.

पारख का होत नाही, हे सभेची रचना पाहिली की कळते. संदेश थेट माइकवर, मागे कीबोर्ड चालू, माणूस डोळे मिटून उभा. पाहुणा तेलुगू बोलणारा असेल तर दुभाष्याच्या घाईत ‘जर तू असे केलेस’ मधला ‘जर’ गळतो आणि अटीचे आश्वासन होते. लिहून कोणी घेत नाही, त्यामुळे वर्षभराने नेमके काय सांगितले होते यावरच वाद. फळलेला संदेश साक्षीत येतो, न फळलेला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणून ऐकणाऱ्याच्याच माथी.

प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांचे वेगळेच. नाव, गाव, आजार लिहिलेली चिठ्ठी सभेआधी व्यासपीठामागे गेली, तर पुढच्या ‘प्रकटीकरणाला’ अर्थ उरत नाही. 1986 मध्ये अमेरिकेत एका प्रचारकाच्या कानातला रेडिओ पकडला गेला, 39.17 मेगाहर्ट्झवर त्याची पत्नी त्याला चिठ्ठ्यांतला मजकूर सांगत होती.

2020 च्या अमेरिकी निवडणुकीबद्दलची संदेष्ट्यांची भाकिते फसल्यावर, 2021 मध्ये तिथल्या काही ख्रिस्ती पुढाऱ्यांनी जाहीर संदेश चुकला तर जबाबदारीही जाहीरपणे घ्यावी, असे निवेदन काढले. पैशांबाबतचा नियम त्याहून फार जुना. ‘दिदाखे’ या आरंभीच्या मंडळीच्या नियमावलीत आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नका, असे आहे. गरजूंसाठी मागितले तर मात्र त्याला दोष देऊ नये.