दोन ओळींत मावणारी कक्षा

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक क्षितिजावर उगवतं आणि फार तर दहा-अकरा मिनिटांत मावळतं. तेवढ्या अवधीत अँटेना त्याच्यामागे फिरवत 145.800 मेगाहर्ट्‌झवरचा आवाज टिपायचा असतो. ते कधी आणि कुठून उगवणार, हे हॅम मंडळींना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, आधीच कळतं ते स्थानकाची कक्षा सांगणाऱ्या अंकांच्या दोन ओळींमुळे. प्रत्येक ओळीत 69 जागा. या ओळी सॉफ्टवेअरला दिल्या की काम होतं, पण त्या एकदा तरी स्वतः वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात दुसऱ्या ओळीच्या शेवटाकडून करा. तिथे उपग्रह दिवसाला किती फेऱ्या मारतो ते लिहिलेलं असतं. स्थानकाचा आकडा साडेपंधराच्या आसपास, म्हणजे एक फेरी साधारण 93 मिनिटांची. उंची मात्र कुठेच दिसत नाही, कारण तिची गरजच नसते. फेरीचा काळ कळला की केप्लरच्या तिसऱ्या नियमानं कक्षेचा आकार ठरतो आणि उंची निघते सुमारे 400 किलोमीटर. एओ-7 या हॅम मंडळींच्या उपग्रहाच्या फेऱ्या साडेबारा, म्हणून तो साडेचौदाशे किलोमीटरवर. (1974 साली सोडलेला हा उपग्रह 1981 मध्ये बॅटरी निकामी होऊन गप्प झाला, आणि 2002 मध्ये नुसत्या सूर्यप्रकाशावर पुन्हा बोलू लागला. त्याचा आवाज ऐकणं हा वेगळाच आनंद आहे.)

कक्षेचा कल विषुववृत्ताशी मोजतात. स्थानकाचा कल 51.6 अंश, त्यामुळे ते 51.6 अक्षांशापलीकडे कधीच कुणाच्या थेट डोक्यावर येत नाही. विकेंद्रता, म्हणजे कक्षा किती लांबट आहे, लिहिताना दशांश चिन्ह गाळलेलं असतं: 0006703 हे 0.0006703 असं वाचायचं. कक्षा इतकी गोल असेल, तर तिचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू कुठे आहे, याने फारसा फरक पडत नाही.

मला सर्वांत आवडतो तो आरोही पात. उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना विषुववृत्ताचं प्रतल जिथे ओलांडतो तो हा बिंदू. त्याचं स्थान वसंतसंपाताच्या, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूच्या, दिशेपासून मोजतात. चंद्राच्या कक्षेचा असाच पात आपल्याला राहू म्हणून माहीत आहे, फक्त तो क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गावर, असतो. राहू सरासरीनं उलटा सरकतो आणि सुमारे 18.6 वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यामागे मुख्यतः सूर्याची ओढ असते. उपग्रहाचा पात सरकतो तो पृथ्वी मध्यभागी फुगीर असल्यामुळे. स्थानकाचा पात रोज जवळपास पाच अंश पश्चिमेकडे जातो.

उरला तो त्या क्षणी उपग्रह फेरीत कुठवर आला होता, हे सांगणारा कोन. 'त्या क्षणी' हे महत्त्वाचं, कारण पहिल्या ओळीत तो क्षणही दिलेला असतो. 24075.5 म्हणजे 2024 सालचा 75वा दिवस, 15 मार्च, जागतिक वेळेनुसार दुपारचे बारा.

या क्षणापासून ओळी शिळ्या व्हायला लागतात. विरळ हवेचं घर्षण उपग्रहाला हळूहळू खाली खेचतं. पहिल्या ओळीत त्यासाठीही एक आकडा असतो, पण सौर वादळात वरचं वातावरण फुगलं की तो अंदाज चुकतो. स्थानकाची कक्षा इंजिनं चालवून उंचावली, की जुन्या ओळी निकामीच. एओ-7 च्या उंचीवर मात्र त्या कित्येक आठवडे चालतात.

ओळी शिळ्या झाल्याचं कानांनाही कळतं. 435 मेगाहर्ट्‌झवर डॉप्लर परिणामामुळे येणाऱ्या उपग्रहाची वारंवारता साधारण दहा किलोहर्ट्‌झनं चढलेली असते, जाताना तेवढीच उतरते. सर्वांत वेगानं उतरते तो क्षण जवळून जाण्याचा. खालच्या कक्षेतल्या उपग्रहाच्या बाबतीत तो अपेक्षेच्या आधीच आला, तर उपग्रह घसरलाय असं समजा: कक्षा खाली आली की फेरी लहान होते, आणि तो लवकर पोहोचतो. एका सेकंदाच्या फरकात तो साडेसात किलोमीटर पुढे गेलेला असतो.