नाव एकाकडे, आवाज दुसऱ्याकडे

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन रॉक बँडची गाणी ऐकली की ही मंडळी लुईझियानाच्या दलदलीतच वाढली असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात ती कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोची. गाणी लिहिणारा आणि गाणारा जॉन फोगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, बेसवर स्टू कुक, ड्रमवर डग क्लिफर्ड. एकट्या 1969 मध्ये त्यांचे तीन अल्बम आले. सगळा कारभार जॉनच्या हाती, हे बाकीच्यांना खुपायचं. 1971 मध्ये टॉम बाहेर पडला, 1972 मध्ये बँडच मोडला.

पुढची भांडणं त्यांच्या रेकॉर्ड कंपनीशी, फँटसी रेकॉर्ड्सशी. करारातून सुटण्यासाठी जॉनने रॉयल्टीवर पाणी सोडलं आणि क्रीडन्सची गाणी मंचावर गाणंच बंद केलं. 1985 मध्ये त्याचं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ गाजलं, तर कंपनीने दावा ठोकला: ही म्हणे ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल. तेही त्याचंच गाणं, फक्त हक्क कंपनीकडे! 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात हा गडी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि चाली कशा सुचतात ते ज्युरीला वाजवून दाखवलं. निकाल त्याच्या बाजूने लागला.

जुन्या सोबत्यांवरचा राग मात्र गेला नाही. टॉम 1990 मध्ये वारला. 1993 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात जॉन ब्रूस स्प्रिंगस्टीनबरोबर वाजवायला उभा राहिला, पण कुक आणि क्लिफर्डला त्याने सोबत घेतलं नाही. मला तरी हे कोतेपणाचंच वाटतं.

दोन वर्षांनी त्या दोघांनी ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड’ हा बँड काढला, गायला जॉन ट्रिस्टाओला घेतलं. जॉन फोगर्टी नावावरून कोर्टात गेला. काही काळ त्यांना ‘कॉस्मोज फॅक्टरी’ म्हणून वाजवावं लागलं. तेही क्रीडन्सच्याच एका अल्बमचं नाव, आणि ‘कॉस्मो’ म्हणजे खुद्द क्लिफर्ड. अपिलात मनाई उठली आणि हा ताफा वीसेक वर्षं जुनीच गाणी घेऊन जगभर हिंडला. लोक येत होते. मूळचा ताल होता, मूळचा गळा नव्हता.

जॉनच्या हाती आपल्या गाण्यांच्या प्रकाशन हक्कांचा मोठा वाटा आला तो 2023 मध्ये, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी. 2025 मध्ये त्याने क्रीडन्सची वीस गाणी नव्याने रेकॉर्ड केली. साथीला शेन आणि टायलर, त्याचे मुलगे.